घरजावयाची हरकत

शब्द अडला होता, आणि तो ताईच्या स्वयंपाकघरात सुटला.

लेक ओट्याला टेकून भाषण म्हणून दाखवत होती आणि ताई समोर बसून बटाटे सोलत होती. दोघींचं एक ठरलेलं होतं. लेकीचा आवाज लहानपणापासून बारीक, वाक्याच्या शेवटी तर तो पार विहिरीत पडायचा. आवाज पडला की ताईने खोकायचं, म्हणजे लेकीने चढवायचा. शाळेच्या पहिल्या कवितेपासून हा खोकला चालत आला होता.

"आणि मग," लेक म्हणाली, "विषाणूच्या डीएनएचं आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये एकात्मीकरण होतं."

"काय होतं?"

"एकात्मीकरण."

"हे काय, पुढाऱ्याचं भाषण आहे? लोक उठून टाळ्या वाजवतील आणि घरी जातील."

"आई, दुसरा शब्दच नाही मराठीत."

"शब्द नाही असं कधी नसतं. तो कुठेतरी पडलेला असतो, आपल्याला वाकायचा कंटाळा. मला सांग, तो मेला नक्की करतो काय?"

लेकीने हातातले कागद बाजूला ठेवले. ताईला तिची हीच गोष्ट आवडायची. विचारलं की पोरगी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, कपाळाला आठी न पाडता.

"बघ. कावीळ ब चा विषाणू लिव्हरच्या पेशीत शिरतो. त्याचा बेत साधा असतो. आपल्या पेशीचं सामान वापरायचं, स्वतःची पिल्लं काढायची आणि पुढे जायचं. पण पेशीच्या आत आपलं सगळं लिखाण असतं, म्हणजे डीएनए. कोणी कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्यात. या विषाणूच्या डीएनएचा एखादा तुकडा तुटतो आणि आपल्या लिखाणात जोडला जातो. कायमचा. मग ती पेशी दुभंगली की तो तुकडाही दोन्ही पेशींत जातो. औषधाने विषाणू दबतो, पण तो जोडला गेलेला तुकडा काही निघत नाही."

ताईची सुरी थांबली. "म्हणजे पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला, असं सरळ म्हण की!"

लेकीने आधी कपाळाला हात लावला आणि मग दोघी अशा हसल्या की बटाट्यांचं भांडं कलंडलं. लेकीने पेन काढलं आणि एकात्मीकरणावर काट मारली. खाली दुकानात काच कापल्याचा कर्रर्र आवाज चालू होता. तो दोघींनी ऐकलाही. पण जिभेला हाड नसतं, आणि हसणाऱ्या जिभेला तर कानही नसतात. खाली काच कापणारा माणूसच या घरचा घरजावई आहे, हे त्या घटकेला दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

तसं ते येण्यासारखं उरलंच नव्हतं. दुकान ताईच्या वडिलांचं, फोटोंना चौकटी करून द्यायचं. तिथे कामाला आलेला हा अबोल माणूस काच अशी कापायचा की कडेवरून बोट फिरवावं. वडिलांनी आधी त्याला दुकानाची किल्ली दिली आणि मग लेक. लग्न झाल्यावर तो माडीवर राहायला आला तो आलाच. गिऱ्हाइकं त्याला फ्रेमवाले म्हणत, आणि पाठीमागे जे म्हणत ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे म्हणणारेही म्हातारे झाले आणि शब्द झिजून गेला. ताईच्या धाकट्या भावाने एकट्याने तो चकचकीत ठेवला होता.

"आमचे भाऊजी म्हणजे भिंतीवरचा फोटो," तो चारचौघांत म्हणायचा. "चौकटीत राहतात, वाकडे होत नाहीत, बोलत तर नाहीतच."

हा धाकटा भाऊ वडिलांच्या दुकानात टिकला नव्हता. "काच फुटली तर शिव्या मिळतात, गाडी ठोकली तर विमा मिळतो," असं म्हणून त्याने मोटार शिकवण्याचा धंदा धरला होता. अर्ध्या गावाला त्याने गाडी शिकवली. शेजारी बसून तो असा "ब्रेक! ब्रेक!" ओरडायचा की भाचीने लहानपणीच त्याला ब्रेकमामा केलं आणि मग सगळ्यांनीच. मनाचा वाईट नव्हता तो. पण जिथे भीती वाटायची तिथे तो थट्टा करायचा, आणि ताईला ते त्याच्या जन्मापासून माहीत होतं.

भीतीही खरी होती. त्यांच्यात थोरला होता दादा. पोस्टात कामाला, सरळमार्गी, कपातला चहासुद्धा अर्धा सोडणारा. भर तारुण्यात त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि लिव्हरचा कॅन्सर निघाला. लिव्हर म्हटल्यावर लोकांना एकच गोष्ट सुचते. भेटायला येणारे खाटेखाली बाटली शोधत, आणि न सापडली तर "लपवली असेल" म्हणत. काहींनी त्याचा कप वेगळा काढायला सांगितला. ताईने तो वेगळा काढलाही, आणि रोज दादाच्या देखत त्यातूनच स्वतः चहा प्यायली. तेव्हा तिला शास्त्र काही कळत नव्हतं. एका कपातून पिण्याने हा रोग होत नाही, हे लेकीकडून कळायला अजून बरीच वर्षं जायची होती. दादाने शेवटी तिला एवढंच म्हटलं होतं, "तू तरी सांग गं लोकांना, मी कधी प्यालो नाही."

ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. काय सांगणार? प्यायला नाही हे खरं, मग झालं कशाने?

दादा गेल्यावर त्याच्या डॉक्टरांनी दोघा भावंडांचं रक्त तपासलं. दोघांतही तोच विषाणू होता. आईकडून जन्मतानाच तिघांना मिळाला असावा, असं ते म्हणाले. ताई तेव्हा पोटुशी होती. त्या डॉक्टरांनी दवाखान्याला आधीच बजावून ठेवलं आणि लेक जन्मली त्याच दिवशी तिला लस टोचली. एवढंसं लाल बोचकं, अजून डोळे उघडले नाहीत आणि मांडीवर दोन टोचण्या! ताई तेव्हा रडली होती. पुढे त्याच लेकीचं रक्त स्वच्छ निघालं, आणि नंतर तर लेकीने शिकायलाही तेच घेतलं. तिच्या मामाला ज्याने नेलं ते पेशीच्या आत कसं चालतं, ते.

ताई वर्षातून दोनदा तपासणीला जायची. ब्रेकमामा एकदाही गेला नाही.

"ताई, गाडी आवाज करत नाही तोवर बॉनेट उघडायचं नसतं," तो म्हणायचा. "उघडलं की मेकॅनिक काहीतरी काढतोच."

समजावून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. दादा गेला त्या वयाच्या तो केव्हाच पुढे गेला होता आणि ताईला रोज वाटायचं की आपण याच्यासमोरही उभ्याच आहोत, आणि याही वेळी हातात काही नाही. म्हणून जेव्हा हॉस्पिटलच्या सभागृहात लेकीचं भाषण ठरलं, तेही रुग्णांच्या घरच्यांसाठी आणि मराठीत, तेव्हा ताईने भावाला फोन केला. भाषणानंतर वरच्या मजल्यावर घरच्या लोकांची सोनोग्राफी करणार होते, ते तिने सांगितलं नाही.

"भाचीचं भाषण आहे. पहिल्या रांगेत बसायचंय."

"नंतर चहा आहे का?"

"आहे."

"मग आलो."

सभागृह भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा लोक भिंतींना टेकून उभे राहिले. कोणाच्या मांडीवर एक्स-रेची पाकिटं होती, कोणाच्या मांडीवर मूल. पहिल्या रांगेत ताईच्या उजव्या हाताला फ्रेमवाले बसले, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर. डाव्या हाताला ब्रेकमामा, पाय पसरून.

लेक समोर आली, चष्मा डोक्यावर तसाच विसरलेला. पहिलंच वाक्य तिने असं टाकलं की ताई ताठ झाली.

"माझे थोरले मामा लिव्हरच्या कॅन्सरने गेले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. लोकांना ते खरं वाटलं नाही. ते खरं कसं असू शकतं, हे मी आज सांगणार आहे."

ताईने पदराचं टोक मुठीत धरलं. इतक्या वर्षांनी दादाचं सांगणं कोणीतरी सांगत होतं, आणि तेही कारणासकट! शेजारी ब्रेकमामाने पसरलेले पाय हळूच जवळ घेतले.

लेक सांगत गेली. लिव्हरची पेशी, तिच्यातलं लिखाण, विषाणूचं शिरणं. ताईला सगळं पाठ होतं, ओठ तिचेही हलत होते. "तो आधी पाहुणा म्हणून येतो," लेक म्हणाली, आणि ताईचे ओठ थांबले. पुढचं वाक्य तिला दिसलं. उजवीकडचा नवरा दिसला. डावीकडचा भाऊ तर फारच दिसला.

करायचं काय? हात करावा तर लेकीला चष्म्यावाचून दिसत नव्हतं. ताईला दुसरं काही सुचेना, ती खोकली. चांगली जोरात खोकली.

लेकीने ऐकलं. शहाण्या मुलीसारखा तिने आवाज चढवला, आणि सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल असं म्हणाली, "आणि मग हा विषाणू त्या घरात घरजावई होऊन बसतो!"

हशा उसळला. ब्रेकमामा तर मांडीवर थाप मारून हसला आणि ताईच्या अंगावरून वाकून म्हणाला, "भाऊजी, तुमच्यावर संशोधन चाललंय!"

लेकीने चष्मा डोळ्यांवर ओढला. समोर बाप दिसला, आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला.

फ्रेमवाले उठले. ताईने त्यांचा शर्ट धरला, "अहो, बसा ना," पण ते उभेच राहिले. कोणीतरी माइक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

"माझी एक हरकत आहे," ते म्हणाले. "मी या बाईंचा बाप. आणि घरजावई. म्हणजे या विषयातला इथला जाणकार मीच."

सभागृह पुन्हा हसलं, पण आता कान देऊन.

"घरजावयाला बोलावून आणतात. याला कोणी बोलावलं? घरजावई घरातल्या बटणांना हात लावत नाही. सासरेबुवा होते तोवर पंखा वाढवायचा तरी मी विचारून वाढवायचो. आणि हा न विचारता घुसतो, नको ती बटणं दाबतो आणि घर खाली आणतो. दुसरं नाव शोधा त्याला. आमची जात बदनाम करू नका."

"भाडेकरू म्हणा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"भाडं कुठे देतो तो?" एक म्हातारी म्हणाली.

"बेकायदा बांधकाम म्हणा हो! पाडायला गेलं तर घरच पडतं."

"हेच!" लेक म्हणाली. तिच्या गालांवर रंग परत आला होता. "बाबा, चुकलं माझं. शब्द मागे घेते. बेकायदा बांधकाम."

फ्रेमवाले बसतील असं वाटलं. ते बसले नाहीत.

"उभा राहिलोच आहे तर आणखी एक. हा विषाणू माझ्या बायकोच्या अंगात आहे." त्यांनी ताईकडे पाहिलं, विचारल्यासारखं, पण बोलून झाल्यावर. "लग्नानंतर कळलं. मला लस दिली, मुलीला जन्मल्याबरोबर दिली. आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो आणि आम्हा दोघांना काही झालं नाही. तिची तपासणी असते तेव्हा मी दुकान बंद करतो आणि दारावर पाटी लावतो, तपासणीला गेलो आहोत. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो. चोरी केलीय का तिने, लपवायला?"

आणि ते बसले. शर्टाची चुणी सरळ केली, हात पुन्हा गुडघ्यांवर.

ताईच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. भरसभेत आपल्या रक्ताची गोष्ट या माणसाने अशी सांगावी! क्षणभर तिला राग आला, मग तो कुठे गेला ते कळलं नाही. आठवड्याला चार वाक्यं बोलणाऱ्या नवऱ्याने सगळी साठवलेली आज तिच्यासाठी एकदम खर्चली होती. मागच्या रांगेतली एक तरुण बाई ओढणीने डोळे पुसत होती. ताईने मान वर केली आणि तशीच वर ठेवली.

ब्रेकमामा हसत नव्हता.

लेकीने पुढे सांगितलं की हा तुकडा बहुतेक वेळा निरुपद्रवी जागी पडतो. पण कधीकधी तो अशा जागेच्या शेजारी पडतो जिथे पेशीने किती वेळा दुभंगायचं ते ठरतं. मग ती पेशी थांबायचं विसरते. "आमच्याकडच्या कित्येक गाठींत मी तो तुकडा शोधला," ती म्हणाली. "वेगवेगळी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि तुकडा पुन्हा पुन्हा त्याच जागेशेजारी. गाठीच्या पेशीपेशीत तोच तुकडा, त्याच ठिकाणी. म्हणजे सगळी गाठ एका पेशीपासून वाढलेली."

"एक विचारू?" ब्रेकमामाने शाळेतल्यासारखा हात वर केला. "ॲक्सिलरेटर अडकला असं धरू. पण गाडीला ब्रेक असतो ना?"

"असतो मामा. तुमच्या शिकवायच्या गाडीला कसे दोन असतात, तसे पेशीलाही एकाहून जास्त आहेत. पण या रोगात लिव्हरला वर्षानुवर्षं सूज असते. पेशी मरतात, नव्या होतात, आणि नवी होताना दर वेळी ते सगळं लिखाण नव्याने उतरवावं लागतं. उतरवताना चुका होतात. काही चुका ब्रेकमध्येच होतात. शिवाय विषाणूचं स्वतःचं एक प्रथिनही ब्रेक दाबू देत नाही."

"ब्रेक झिजला की आवाज येतो," ब्रेकमामा म्हणाला. स्वतःशीच म्हणाल्यासारखा. "घासल्याचा. मला लांबून ऐकू येतो."

"लिव्हरचा येत नाही मामा."

"अजिबात?"

"अजिबात नाही. येतो तेव्हा उशीर झालेला असतो. थोरल्या मामांना आला तेव्हा झाला होता."

शेवटी लेकीने वरच्या मजल्यावरच्या सोनोग्राफीचं सांगितलं. टाळ्या झाल्या, लोक उठले, चहाच्या टेबलाकडे गर्दी गेली. ब्रेकमामा खुर्चीतच होता. ताई काही बोलणार तोच फ्रेमवाल्यांनी तिच्या हाताला हळूच स्पर्श केला, म्हणजे थांब.

"भाऊजी," ब्रेकमामा शेवटी म्हणाला, "तिथे काय करतात हो? दुखतं?"

"थंडगार काहीतरी पोटाला लावतात आणि इस्त्रीसारखं एक फिरवतात. गुदगुल्या होतात."

"मला गुदगुल्या सहन होत नाहीत."

"मला माहीत आहे. चल, मी आत येतो."

वरच्या मजल्यावर ताई दाराबाहेर बाकावर बसली. दार पुरतं लागलेलं नव्हतं. आतून आधी भावाचं "अहो, किती गार!" ऐकू आलं, मग नर्सचं हसणं, मग "श्वास घ्या, धरा, सोडा". मग बराच वेळ नुसतं "धरा". ताईने दादाला आठवलं नाही. मुद्दाम नाही आठवलं.

दार उघडून लिव्हरचे डॉक्टर बाहेर आले. त्यांना ताई माहीत होती.

"एक गाठ दिसतेय," ते सरळच म्हणाले. "लहान आहे. शर्टाच्या बटणाएवढी. रक्त तपासू, मोठा स्कॅन करू, मग नक्की बोलू. पण एवढ्याशा वेळी सापडली तर आमच्या हातात बरंच असतं. आणखी वर्ष गेलं असतं तर मी असं म्हणालो नसतो."

ताई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

आत ब्रेकमामा टेबलाच्या कडेवर बसला होता, उघड्या पोटाने. फ्रेमवाले कागदी रुमालाने त्याच्या पोटावरचा चिकटा पुसत होते, काच पुसावी तसे, कडेकडेने, एक डाग न ठेवता. ब्रेकमामा एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून मावसभावावर ओरडत होता.

"तू ये, तुझ्या धाकट्याला घेऊन ये, पोरांना आणा. काम नंतर! रक्त तपासायचंय सगळ्यांचं. कोणी सांगितलं म्हणजे? आपल्या घरच्या शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सांगितलं. दादाला कशाने झालं तेही त्यांनी शोधलंय. हो, आत्ताच. मी इथेच बसलोय."

त्याने बहिणीकडे पाहिलं. फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "जा, तिला सांग जा. नाहीतर मी सांगेन आणि रडेन."

ताई जिना उतरून सभागृहात आली. तिला वाटलं होतं आता तिथे शुकशुकाट असेल. पण लेकीभोवती माणसंच माणसं होती. कोणी एक्स-रे उजेडाकडे धरून दाखवत होतं, कोणी बाळाला लस केव्हा द्यायची ते विचारत होतं, आणि लेक एकेकाला पहिल्यापासून सांगत होती, कपाळाला आठी न पाडता. आवाज आता अजिबात पडत नव्हता. ताई मध्ये घुसू शकली असती, आईच होती ती. पण ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

पुढची बाई वळून म्हणाली, "तुम्हालाही त्यांनाच विचारायचंय का? बराच वेळ लागेल हं."

"लागू दे," ताई म्हणाली. "मला विचारायचं नाही. सांगायचंय."